पहिल्या महायुद्धात पडलेले मुंबईचे लेफ्टनंट वेलिणकर: स्मृतिफलक बिनचूक कसा करावा?

नोंदवही

पहिल्या महायुद्धात लढाऊ विमानं उडवलेल्या हिंदी वैमानिकांत चार नावं ठळक आहेत: हरदितसिंग मलिक, एरॉल चंदर सेन, इंद्रलाल रॉय आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. मलिक वाचले, सेन जर्मनांच्या कैदेतून सुटून आले. वेलिणकर आणि रॉय १९१८ च्या उन्हाळ्यात, जेमतेम तीन आठवड्यांच्या अंतराने गेले. रॉय यांच्यावर टपाल तिकीट निघालं, त्यांच्याविषयी बरंच लिहिलं गेलं. वेलिणकरांचं नाव त्यांच्या स्वतःच्या शहरातही अभावानेच ऐकू येतं. हे बदलायला हवं.

एका वाचनालयाच्या प्रदर्शनासाठी त्यांच्यावर २ बाय ३ फुटांचा माहितीफलक आणि भिंतीत बसवायची एक छोटी कायमची पाटी करायची आहे. हाती असलेली माहिती अशी: लेफ्टनंट वेलिणकर, २३ स्क्वाड्रन, विमान सॉपविथ डॉल्फिन. २७ जून १९१८ ला गस्तीवरून परतले नाहीत. ३० जूनला जर्मनांच्या ताब्यात असताना मृत्यू. समाधी फ्रान्समध्ये, सोम विभागात, हँगार्ड कम्युनल सिमेटरी एक्स्टेन्शन इथे.

पाटी दगडात कोरली जाणार, म्हणजे चूक झाली तर तीही कायमची. तारीख कोणती घालावी, रॉयल फ्लाइंग कोअर लिहावं की रॉयल एअर फोर्स, चित्र कोणतं वापरावं, समाधीवरच्या ओळीचं काय करावं, हे मुद्दे आहेत. जाणकारांनी एकेक तपासून लिहावं.

टाक_बोरू

तारखेपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

दोन्ही तारखा बरोबर आहेत, पण त्या दोन वेगळ्या गोष्टींच्या आहेत. स्क्वाड्रनच्या दृष्टीने माणूस २७ जूनला 'बेपत्ता'. त्यांचं विमान परत आलं नाही, एवढंच स्क्वाड्रनला ठाऊक. पुढे काय झालं ते शत्रूकडून, म्हणजे आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसमार्फत कळायचं, आणि त्याला कित्येक आठवडे, कधी महिने लागायचे. म्हणून स्क्वाड्रनच्या कागदांवर बेतलेल्या याद्यांमध्ये २७ जून दिसते आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (राष्ट्रकुलातल्या युद्धमृतांच्या समाध्या सांभाळणाऱ्या संस्थेच्या) नोंदीवर बेतलेल्या लेखनात ३० जून. पाटीवर एकच तारीख घालायची तर ती मृत्यूची: ३० जून १९१८. फलकावर दोन्ही द्या, पण '२७ जून रोजी हवाई लढाईत ठार' असं वाक्य होऊ देऊ नका. ते तीन दिवस वगळले की एक जखमी युद्धकैदी इतिहासातून पुसला जातो.

पडताळणीसाठी तीन ठिकाणं. पहिलं, कमिशनच्या संकेतस्थळावरची नोंद. दुसरं, लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली एआयआर ७६ ही मालिका, ज्यात त्या काळातल्या रॉयल एअर फोर्सच्या अधिकाऱ्यांचे सेवापट आहेत. तिसरं, रेडक्रॉसचं १९१४ ते १९१८ च्या युद्धकैद्यांचं ऑनलाइन दफ्तर. इथे एक अडचण येते. नाव टाइप केलं की थेट माणूस सापडत नाही, त्या आद्याक्षरांच्या कार्डांचा गठ्ठा उघडतो आणि एकेक कार्ड पाहत जावं लागतं. कार्डावर 'पीए' किंवा तशा अक्षरांपुढे आकडा असतो. तो रजिस्टरच्या पानाचा क्रमांक. तोच आकडा परत शोधात टाकला की मूळ यादीचं पान दिसतं. पुष्कळ जण कार्डावरच थांबतात. जखम कोणती, कुठल्या इस्पितळात, दफन कुठे, हे मिळालं तर त्या पानावरच मिळतं.

शोधताना स्पेलिंग एकच धरू नका. कमिशनकडे 'वेलिंकर' असं वाचता येईल असं स्पेलिंग आहे, त्यात 'जी' नाही. आजच्या सवयीने 'जी' घालून शोधलं की निकाल शून्य. जर्मन कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेलं नाव तर कसंही असू शकतं. डब्ल्यू आणि व्ही दोन्ही बघा, एल एक आणि दोन बघा. मधल्या नावाचं आद्याक्षर सी आहे, पण देवनागरीत पूर्ण मधलं नाव अंदाजाने लिहू नका. 'श्रीकृष्ण वेलिणकर' एवढं पुरेसं आहे.

शिळाप्रेस

हँगार्डबद्दल. नुसतं 'समाधी हँगार्ड इथे' लिहून थांबू नका, त्या ठिकाणाच्या इतिहासात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे.

हँगार्ड गाव अमियाँच्या आग्नेयेला. तिथलं हे एक्स्टेन्शन कॅनेडियन कोअरने ऑगस्ट १९१८ मध्ये सुरू केलं, आणि युद्धबंदीनंतर आजूबाजूच्या रणभूमीवरून आणि लहान दफनभूमींतून समाध्या आणून ते वाढवलं. आता ताळा बघा. वेलिणकर ३० जूनला जर्मनांच्या ताब्यात असताना गेले. त्या दिवशी ही दफनभूमी अस्तित्वातच नव्हती. म्हणजे त्यांचं पहिलं दफन दुसरीकडे झालं आणि अवशेष नंतर इथे आणले गेले. म्हणून 'मृत्यूनंतर हँगार्ड इथे दफन करण्यात आलं' हे वाक्य फलकावर नको. 'आज त्यांची समाधी हँगार्ड इथे आहे' हे बरोबर.

स्थलांतराचा कागद बहुतेक वेळा कमिशनच्या त्याच पानावर तळाशी स्कॅन केलेला असतो. तिथे साधारण तीन प्रकारचे कागद दिसतात. ग्रेव्ह रजिस्ट्रेशन रिपोर्टमध्ये ओळ, क्रमांक, नाव, तारीख असते आणि नंतर लाल किंवा निळ्या शाईत केलेल्या दुरुस्त्या असतात. त्या दुरुस्त्याच वाचा, टाइप केलेला मजकूर पुष्कळदा जुना असतो. कॉन्सन्ट्रेशनच्या, म्हणजे विखुरलेल्या समाध्या एका जागी आणण्याच्या, फॉर्ममध्ये अवशेष कुठून आणले त्याचा नकाशा-संदर्भ आणि ओळख कशावरून पटली ते असतं: क्रूस, ओळखबिल्ला, गणवेशाचे तुकडे. तिसरा हेडस्टोन शेड्यूल, म्हणजे शिळेवर काय कोरायचं त्याची ऑर्डर. कुटुंबाने निवडलेली ओळ त्यात असते.

नकाशा-संदर्भ '६२डी.यू.१६.बी.४.७' अशा धाटणीचा असतो. ६२डी हा नकाशाचा कागद. यू हा मोठा चौकोन, साधारण ६,००० यार्ड रुंद. १६ हा त्यातला १,००० यार्डांचा चौकोन. बी हा त्याचा पाव भाग, ५०० यार्डांचा. शेवटचे दोन आकडे त्या पाव भागाचे दशांश: पहिला पूर्वेकडे, दुसरा उत्तरेकडे. म्हणजे जागा ५० यार्डांपर्यंत नेमकी कळते. आकडे उलटे वाचले की माणूस भलत्याच शेतात जातो, आणि हे फार वेळा होतं. मोजणी नेहमी चौकोनाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून.

गडद_निळा

सेवेचं नाव: रॉयल एअर फोर्स. यात शंका नको. रॉयल फ्लाइंग कोअर आणि रॉयल नेव्हल एअर सर्व्हिस १ एप्रिल १९१८ ला एक झाले आणि रॉयल एअर फोर्स तयार झालं. वेलिणकर ३० जूनला गेले, रॉय २२ जुलैला. दोघंही मृत्यूसमयी रॉयल एअर फोर्सचे अधिकारी. भरतीच्या संदर्भात मात्र 'रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल' असं लिहायला हरकत नाही. रॉय यांचं कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, ५ जुलै १९१७ चं, म्हणजे फ्लाइंग कोअरचंच.

चित्राबद्दल विशेष काळजी घ्या. 'सॉपविथ' असं शोधलं की पहिली पन्नास चित्रं कॅमल या सॉपविथच्याच दुसऱ्या विमानाची येतात. डॉल्फिन ओळखायची खूण सोपी आहे: वरचा पंख खालच्या पंखाच्या मागे सरकलेला असतो. बहुतेक दुपंखी विमानांत उलट असतं. वरचा पंख इतका खाली असतो की वैमानिकाचं डोकं पंखाच्या चौकटीतून वर आलेलं दिसतं. वरची नजर मोकळी राहावी म्हणून ती रचना होती, पण विमान उलटलं तर धोका थेट डोक्याला. इंजिन हिस्पानो-सुइझा, पाण्याने थंड होणारं, त्यामुळे नाक निमुळतं आणि रेडिएटर बाजूंना. नाकावर गोल पत्र्याचं झाकण आणि आत फिरणारं इंजिन दिसलं तर ते कॅमल, ते चित्र बाजूला ठेवा. शस्त्रं: दोन व्हिकर्स मशीनगन, शिवाय वरच्या चौकटीवर एक-दोन लुईस गन बसवायची सोय.

रॉय यांचा उल्लेख फलकावर करणार असाल तर त्यांचं विमान एसई५ए. चौकोनी रेडिएटरचं नाक, एक व्हिकर्स आणि वरच्या पंखावर एक लुईस. आधी ५६ स्क्वाड्रन, १९१७ च्या अखेरीस अपघात, मग १९ जून १९१८ पासून ४० स्क्वाड्रन. ९ ते १९ जुलै या काळात दहा विजय, त्यातले काही सामायिक. २२ जुलैला फॉकर डी-सेव्हन विमानांशी झुंजताना कार्व्हॅंच्या परिसरात पडले. जन्म २ डिसेंबर १८९८ चा, म्हणजे वय १९ पूर्ण. विसावं लागायला चार महिने होते. डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, वैमानिकांचं शौर्यपदक) मरणोत्तर, सप्टेंबर १९१८ मध्ये जाहीर. अपघातानंतर त्यांना मृत समजून शवागारात ठेवलं होतं आणि ते आतून दार ठोठावू लागले, ही कथा सगळीकडे फिरते. फलकावर ती घेऊ नका. अकरा दिवसांतले दहा विजय हे नोंदलेलं आहे आणि तेवढंच पुरेसं थक्क करणारं आहे.

कर्दळ

समाधीवरच्या ओळीबद्दल. वेलिणकरांच्या शिळेवर इंग्रजी ओळ आहे, तिचा आशय: 'साम्राज्याच्या सर्वात शूर पुत्रांपैकी एकाच्या सन्माननीय स्मृतीस.' पहिल्या महायुद्धानंतर कुटुंबाला स्वतःची एक ओळ निवडता येत असे, मर्यादा मोकळ्या जागा धरून ६६ अक्षरांची, आणि सुरुवातीला अक्षरामागे साडेतीन पेन्स आकार होता. पुढे तो ऐच्छिक केला. त्यामुळे त्या ओळींतला प्रत्येक शब्द मोजूनमापून घातलेला असतो. रॉय यांच्या एस्तव्हेल गावातल्या समाधीवर बंगाली ओळ कोरलेली आहे.

शिळेचा आकार सगळ्यांना एकच: उंची ८१३ मिलिमीटर, रुंदी ३८१, जाडी ७६. सेनापती असो वा शिपाई. अधिकाऱ्यांच्या शिळेवर सेवाक्रमांक नसतो, शिपायांच्या असतो. फोटो पाहून 'क्रमांक पुसला गेलाय' असं समजू नका.

पूर्वरंग

एक अडचण मांडतो. 'साम्राज्याचे शूर पुत्र' ही ओळ आपण मुंबईच्या भिंतीवर १०० वर्षांनी जशीच्या तशी लावायची का? ज्या सत्तेविरुद्ध आपले लोक तुरुंगात गेले तिच्या गौरवाची ओळ? माझं मत, नाव आणि तारखा ठेवाव्यात, ओळ वगळावी.

कर्दळ

पूर्वरंग, प्रश्न रास्त आहे, पण वगळण्याशी मी सहमत नाही. कायमच्या पाटीवर ती ओळ नको, तिथे जागाही नाही. माहितीफलकावर मात्र ती हवी, 'समाधीवर कोरलेली ओळ' असं स्पष्ट म्हणून. ती १९२० च्या दशकातल्या समाधीची आहे, आपली घोषणा नाही. काटछाट करून 'सर्वात शूर पुत्र' एवढंच ठेवणं सगळ्यात वाईट, कारण मग ते ना धड त्यांचं राहतं ना आपलं. संदर्भ द्यायचा तर सरळ द्या: या युद्धात १३ लाखांहून अधिक हिंदी माणसं लष्करात किंवा लष्कराबरोबर कामाला गेली, सुमारे ७४ हजार परतली नाहीत, आणि हिंदी माणसाला राजाचं कमिशन, म्हणजे ब्रिटिश अधिकाऱ्यांसारखी नेमणूक, मिळणं तेव्हा जवळजवळ अशक्य होतं. वेलिणकरांचा लेफ्टनंटचा हुद्दा किती दुर्मीळ होता ते या एका वाक्याने कळतं.

पूर्वरंग

मान्य. फलकावर संदर्भासकट, पाटीवर नाही. मग पाटीवर हुद्दा तरी लिहायचा का? त्या वेळी मृतांच्या कुटुंबांना जे ब्राँझचं पदक-ताट पाठवलं जायचं, १२० मिलिमीटर व्यासाचं, त्यावर मुद्दाम फक्त नाव असायचं, हुद्दा नाही. सगळे सारखे म्हणून.

टाक_बोरू

त्या ताटाबरोबर वेगळी सनद असायची आणि तिच्यावर हुद्दा-पलटण असायची. पाटी एकटीच असणार, तेव्हा हुद्दा लिहा. त्याशिवाय पुढच्या माणसाला नोंद शोधता येणार नाही.

रानभूल

धागा वेलिणकरांचा आहे, पण याच निमित्ताने इतर तरुण अधिकाऱ्यांच्या शोधाबद्दलही लिहावं. मराठा पलटणींतल्या अधिकाऱ्याचं नाव घराण्यात ऐकिवात आहे, पण नोंद सापडत नाही, असं बरेच जण म्हणतात. सुरुवात कुठून करायची?

शिळाप्रेस

हुद्दा आणि पलटणीच्या क्रमांकापासून. दोन्ही बदलले आहेत आणि शोध तिथेच अडतो.

पहिल्या महायुद्धात हिंदी अधिकारी म्हणजे बहुतांशी व्हाइसरॉयच्या कमिशनचे, राजाच्या कमिशनवाल्यांपेक्षा खालच्या दर्जाचे: जमादार, सुभेदार, सुभेदार मेजर, घोडदळात रिसालदार. घरात 'आजोबा ऑफिसर होते' असं सांगतात तेव्हा बहुधा हेच. आजच्या कानाला जमादार हा अधिकाऱ्याचा हुद्दा वाटत नाही, म्हणून लोक लेफ्टनंट शोधत बसतात. जमादाराचं नायब सुभेदार हे नाव १९६५ पासूनचं.

पलटणी: १९१४ मध्ये मराठ्यांच्या १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा क्रमांकांच्या होत्या. १९२२ मध्ये त्या एकत्र करून ५ मराठा लाइट इन्फंट्री झाली. १०३ ची पहिली बटालियन, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची प्रशिक्षण बटालियन. म्हणजे '३ मराठा' असं घरात सांगत असतील आणि मृत्यू १९१६ चा असेल तर ११० शोधा. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मेसोपोटेमियात सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. वेढा ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शरणागतीनंतर कैदेत, वाळवंटातल्या चालीत गेलेल्यांच्या तारखा फार ढिल्या आहेत. मागाहून, वाचून आलेल्यांच्या जबान्यांवरून भरलेली तारीख दिवसाबरहुकूम खरी मानू नका, महिना आणि साल लिहा.

नावं बसरा स्मारकावर. तिथे ४० हजारांहून अधिक मृतांचं स्मरण आहे, पण हिंदी शिपायांची नावं भिंतीवर कोरलीच नाहीत. अधिकाऱ्यांची नावं, आणि खाली 'इतके इतर' असा आकडा. कमिशनच्याच समितीने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हा भेदभाव मान्य केला आहे: ४५ ते ५४ हजार मृतांचं स्मरण असमान पद्धतीने झालं, आणि किमान १ लाख १६ हजार जणांची नावं नोंदलीच गेली नाहीत. तेव्हा फोटोत भिंतीवर नाव नाही म्हणून नोंद नाही असं नसतं. ऑनलाइन सूचीत नाव असू शकतं.

पश्चिम आघाडीवर गेलेल्यांपैकी ज्यांची समाधी सापडली नाही त्यांच्यासाठी नव शापेलचं हिंदी स्मारक पाहा, ४,७०० हून अधिक नावं. पलटणीच्या रोजनिशा क्यूला डब्ल्यूओ ९५ या मालिकेत (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, ब्रिटिश युद्धखातं). रोजनिशीत अधिकारी पडला तर सहसा नाव येतं, शिपायांचा नुसता आकडा. अधिकाऱ्याचा शोध त्यामुळेच सोपा.

गडद_निळा

दुसऱ्या महायुद्धाचं गणित वेगळं आहे. तोवर डेहराडूनची अकादमी सुरू झालेली, १९३२ पासून, आणि युद्धात तात्पुरत्या कमिशनवर भारतीय तरुण मोठ्या संख्येने अधिकारी झाले. एक उदाहरण देतो, कारण त्यात तीन सापळे एकदम आहेत.

लेफ्टनंट करमजीतसिंग जज्ज, ४ बटालियन, १५ पंजाब रेजिमेंट. जन्म कपुरथळ्याचा, २५ मे १९२३. १८ मार्च १९४५ ला ब्रह्मदेशात मिंज्याननजीक कापूस गिरणीच्या परिसरावरच्या हल्ल्यात प्लॅटूनचं नेतृत्व करत होते. गोळीबारात उघड्यावर चालत जाऊन रणगाड्यांना शत्रूचे बंकर दाखवत राहिले. दहा बंकर असे मोडले. शेवटच्या तीन बंकरांसाठी त्यांनी रणगाड्यांना गोळीबार थांबवायला सांगितलं आणि मोजकी माणसं घेऊन स्वतः पुढे गेले. एका बंकरपासून सुमारे २० यार्डांवर लाइट मशीनगनची फैर छातीत बसली. वय २१. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, जुलै १९४५ मध्ये जाहीर.

पहिला सापळा: त्यांची 'समाधी' नाही. दहन झालं. यांगूनच्या उत्तरेला तौक्यान इथल्या युद्ध दफनभूमीत दहन झालेल्यांचं वेगळं स्मारक आहे, १,००० हून अधिक नावांचं, त्यावर त्यांचं नाव. दुसरा सापळा: त्याच आवारात रंगून स्मारक आहे, सुमारे २७ हजार नावांचं. ते, ज्यांचे अवशेष सापडले नाहीत त्यांच्यासाठी. लोक मोठ्या स्मारकावर नाव शोधतात आणि 'नाही' म्हणून परततात. हिंदू आणि शीख अधिकाऱ्यांसाठी आधी दहन स्मारक बघा. तिसरा सापळा चिन्हाचा: १५ पंजाब रेजिमेंट फाळणीत पाकिस्तानकडे गेली. आजच्या भारतीय लष्करातली पंजाब रेजिमेंट ही जुन्या २ पंजाबची. त्यामुळे जज्ज यांच्या फलकावर आजचं भारतीय पंजाब रेजिमेंटचं चिन्ह लावणं चूक. हे अगदी समारंभपूर्वक लावलेल्या फलकांवरही होतं. चिन्हाची खात्री नसेल तर चिन्हच नको, नुसतं नाव लिहा.

शौर्यपदकांच्या शिफारशी डब्ल्यूओ ३७३ मध्ये, ब्रह्मदेशातल्या तुकड्यांच्या रोजनिशा डब्ल्यूओ १७२ मध्ये, इटलीच्या डब्ल्यूओ १७० मध्ये.

रानभूल

धन्यवाद, दोघांचेही. कमिशनकडे नावच नसेल तर भर घालता येते का?

शिळाप्रेस

येते. मृत्यू ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ किंवा ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातला हवा. सेवेत असताना, किंवा सेवा सुटल्यावर पण सेवेमुळे झालेल्या जखमेने अथवा आजाराने. दोन गोष्टी कागदाने सिद्ध कराव्या लागतात: माणूस सेवेत होता, आणि मृत्यू सेवेत असताना किंवा नंतर सेवेमुळे झाला. पेन्शनचा कागद पहिल्यासाठी चालतो, दुसऱ्यासाठी मृत्युदाखला किंवा इस्पितळाचा कागद. बरेच अर्ज दुसऱ्यावर अडतात, कारण घरी फक्त पदकं असतात. पदक सेवेचा पुरावा आहे, मृत्यूच्या कारणाचा नाही.

कोरीवकाम

पाटीबद्दल लिहितो, हे राहूनच जातंय.

१८ बाय १२ इंच, १८ मिलिमीटर जाडीचा काळा ग्रॅनाइट घ्या. वजन ७ किलोच्या आसपास भरेल. नुसत्या चिकटद्रव्यावर लावू नका. डिस्टेंपर लावलेल्या भिंतीचा रंगच पापुद्र्यासारखा सुटतो आणि पाटी खाली येते. चार कोपऱ्यांत स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, भोकं कडेपासून किमान ३० मिलिमीटर आत, नाहीतर कोपरा तडकतो. भिंतीमागे विटा की पोकळ ब्लॉक ते आधी ठोकून बघा. पितळी पाटी दिसते छान, पण सतत घासून अक्षरांच्या कडा बोथट होतात.

अक्षराची उंची: साधारण ३ मीटरवरून आरामात वाचायला २५ मिलिमीटर. नाव ३० ते ३५, बाकी २० च्या खाली नको. देवनागरीला ही मर्यादा काटेकोर पाळावी लागते, कारण वाळूच्या मार्‍याने कोरताना आधी चिकट स्टेन्सिल लावतात आणि अक्षरांच्या पोटातले तुकडे बेटांसारखे सुटे राहतात. 'ब'च्या पोटात दोन बारीक बेटं असतात. अक्षर १५ मिलिमीटरच्या आत असेल तर मारा सुरू झाला की एखादं उडतं आणि 'मुंबई'तला 'ब' नुसता खड्डा होतो. शिरोरेषा जाड असलेला, जोडाक्षरं मोकळी असलेला फॉन्ट निवडा.

दुसरी गोष्ट डीटीपीची. आपण युनिकोडमध्ये मजकूर देतो, दुकानात तो जुन्या फॉन्टमध्ये रूपांतरित करतात, आणि पहिली वेलांटी एक घर सरकते. 'वेलिणकर'चं 'वेलणिकर' व्हायला एक क्लिक पुरते. उपाय: मजकूर स्वतः मांडून, अक्षरं आउटलाइनमध्ये बदलून फाइल द्या. मग कागदावर खऱ्या आकाराची प्रत काढून ती दोन माणसांनी वाचा. एकाने मोठ्याने अक्षर अक्षर वाचायचं, दुसऱ्याने मूळ नोंदीशी ताडायचं. ज्याने मजकूर लिहिला त्याने हे काम करू नये, त्याला त्याची चूक दिसत नाही.

कर्दळ

कुणी हँगार्डला किंवा पुण्यात खडकीच्या युद्ध दफनभूमीत जाणार असेल तर एक विनंती. फ्रान्समधल्या शिळा बहुतेक पोर्टलंड दगडाच्या, म्हणजे सच्छिद्र चुनखडीच्या. हळद, कुंकू, तेल त्यात मुरतं आणि निघत नाही. निरांजन लावायचंच असेल तर खाली ताटली ठेवा आणि ती परत घेऊन या. फुलं शिळेच्या पायाशी ठेवा, हार शिळेवर घालू नका. अक्षरं पुसट दिसली तर खडू किंवा पीठ चोळू नका. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरकं ऊन आलं की कोरीव अक्षरं आपोआप उठून दिसतात. ऊन नसेल तर बाजूने छोट्या आरशाने उजेड पाडा. शेवाळ काढायला ब्रश, ब्लीच काही नको, ते कमिशनच्या माळ्यांचं काम.

दफनभूमीत प्रवेशाजवळ भिंतीत छोटं दार असलेला कोनाडा असतो, त्यात नोंदवही. तिच्यातला संदर्भ प्लॉट, ओळ, क्रमांक या क्रमाने वाचायचा. खडकीत दुसऱ्या महायुद्धातले १,६०० हून अधिक जण आहेत आणि पहिल्या महायुद्धात भारतात मेलेल्यांचं स्मारकही आहे. हिंदू सैनिकांच्या शिळांवर माथ्याशी देवनागरीत 'ॐ भगवते नमः' कोरलेलं अनेक देशांत दिसतं. वेलिणकरांची शिळा मात्र या धाटणीचीच असेल असं धरून चित्र काढू नका, फोटोवरूनच काढा.

नोंदवही

सगळ्यांचे मनापासून आभार. पाटीचा मजकूर असा ठरवत आहे:

लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर
२३ स्क्वाड्रन, रॉयल एअर फोर्स
मुंबई
मृत्यू ३० जून १९१८, फ्रान्स
समाधी: हँगार्ड, सोम, फ्रान्स

माहितीफलकावर २७ जूनची गस्त, डॉल्फिन विमान, कैदेतले तीन दिवस, समाधीचं स्थलांतर, समाधीवरची ओळ संदर्भासह, आणि शेजारी रॉय यांची छोटी चौकट. मजकूर १५० शब्दांच्या आत. उद्घाटन ११ नोव्हेंबरला, युद्धबंदीच्या दिवशी, सकाळी ११ वाजता: लास्ट पोस्ट (मृतांना निरोपाची बिगुलधून), दोन मिनिटं स्तब्धता, मग रूज (जागं करणारी बिगुलधून).

टाक_बोरू

'मृत्यू ३० जून १९१८, फ्रान्स' याखाली 'युद्धकैदी असताना' हे दोन शब्द घाला. पाच ओळींत जागा आहे, आणि जी माणसं फलक वाचणार नाहीत त्यांनाही ते कळायला हवं. 'मुंबई' एकटं लटकतंय, 'मुंबईचे' करून नावाच्या वर घ्या.

गडद_निळा

बिगुलवादक मिळाला तर उत्तम. ध्वनिमुद्रण लावणार असाल तर फाइल आधी उतरवून घ्या, थेट इंटरनेटवरून वाजवू नका. स्तब्धतेच्या मधोमध जाहिरात सुरू होते. लास्ट पोस्ट आणि रूज या दोन वेगळ्या फाइली ठेवा, मधल्या दोन मिनिटांचं घड्याळ एका माणसाच्या हाती द्या.

कोरीवकाम

टाक_बोरू यांच्या दुरुस्तीने सहा ओळी होतात. १८ बाय १२ मध्ये नाव ३२ मिलिमीटर आणि बाकीच्या पाच ओळी २० ने घेतल्या तर अक्षरंच १३२ मिलिमीटर होतात. वेलांट्या आणि उकारांसाठी ओळींमध्ये १८ चं अंतर धरा, म्हणजे ९०. एकूण २२२. वर-खाली मिळून ८० च्या पुढे उरतं, स्क्रूंना पुरेसं. बसतंय. पण समाधीची ओळ लांब आहे, २० मिलिमीटरमध्ये रुंदीला बसते का ते खऱ्या आकाराच्या प्रतीवर बघा. नाही बसली तर अक्षर लहान करू नका, 'सोम' काढा.

नोंदवही

दोन्ही दुरुस्त्या घेतल्या. खऱ्या आकाराची प्रत काढून मगच फाइल देतो.